पेपरातले सर आणि पेपरवाले सर

जून उजाडला की ओळखीतल्या मुलांचे फोन सुरू होतात. पत्रकारितेच्या कोर्सला प्रवेश घ्यायचा असतो, विभागाच्या संकेतस्थळावरची शिक्षकांची यादी वाचून झालेली असते. "सरांना अठरा वर्षांचा अनुभव आहे असं लिहिलंय. म्हणजे चांगलंच ना?" मी विचारतो, अनुभव कशाचा? मग पलीकडून आवाज येत नाही.

घोळाचं मूळ 'पेपर' या शब्दात आहे. "सर पेपरात होते" आणि "सरांचे तीस पेपर आहेत" ही दोन वाक्यं कानाला सारखी लागतात, पण माणसं वेगळी असतात. पहिल्यानं वर्तमानपत्रात नोकरी केलीय, दुसऱ्यानं शोधनिबंध लिहिलेत. पहिल्यांना मी पेपरातले सर म्हणतो, दुसऱ्यांना पेपरवाले सर. माध्यम विभागात दोघं एकाच स्टाफरूममध्ये चहा पितात. मुलंही दोघांना 'सर'च म्हणतात, त्यामुळे फरक लक्षात यायला निम्मं वर्ष जातं.

फरक बघायचा तर दोघांपुढे एकच बातमी ठेवा. समजा, विद्यार्थ्यानं तालुक्यातल्या टँकरची बातमी लिहून आणली. पेपरातले सर लाल पेन उघडतात. टँकर किती, खेपा किती, शेवटची खेप कधी आली? गावाचं नाव चौथ्या परिच्छेदात काय करतंय? 'भीषण पाणीटंचाई' यातला 'भीषण' काढ. तहसीलदारांना फोन केलास का? नसेल केला तर आत्ता कर, मी थांबतो. चारशे शब्दांची बातमी दोनशे वीसवर येते आणि सुधारते.

पेपरवाले सर तीच बातमी शांतपणे वाचतात आणि दुसरंच काही विचारतात. ही बातमी दरवर्षी एप्रिल-मेमध्येच का छापून येते? पाण्याचा प्रश्न 'टंचाई'चा म्हणूनच का मांडला जातो, वाटपाचा म्हणून का नाही? यात बोलतंय कोण? तहसीलदार, सरपंच, आमदार. हंडा घेतलेली बाई फक्त फोटोत आहे, तिचं एक वाक्यही नाही. गेल्या दहा वर्षांतल्या अशा बातम्या काढ आणि मोज. बातमी सुधारत नाही, पण बातम्यांकडे बघायची मुलाची नजर बदलते.

मी स्वतः वर्तमानपत्राच्या डेस्कवर, म्हणजे बातम्या संपादित करण्यात वाढलेला, त्यामुळे माझा ओढा कुठे असणार ते उघड आहे. तरी कबूल करतो, त्या बाईच्या वाक्याचा प्रश्न मला नोकरीतल्या सगळ्या वर्षांत कोणी विचारला नव्हता. रात्री पान छपाईला सोडायच्या गडबडीत तो सुचतही नाही.

यादीत 'रुचीचे विषय' असा रकाना असतो, तो तर हमखास चकवतो. 'ग्रामीण पत्रकारिता' असं दोघंही लिहितात. एकाच्या बाबतीत त्याचा अर्थ, जिल्हा आवृत्तीत असताना एसटीनं गावं पालथी घातली. दुसऱ्याच्या बाबतीत, त्या विषयावर पीएचडी केली. 'विकास संज्ञापन' वाचून एका मुलाला बिल्डरांच्या जाहिराती आठवल्या होत्या. हा प्रसारमाध्यमं शेती, आरोग्य, शिक्षणासाठी वापरण्याचा अभ्यास आहे. १९७५-७६ मध्ये 'साइट' प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी पोहोचवली गेली. भारतातल्या या विषयाच्या तासाला त्या प्रयोगाचा उल्लेख टळत नाही. 'अजेंडा सेटिंग' म्हणजे मालकाचा छुपा अजेंडा नव्हे. मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी १९६८ च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिलमधल्या शंभर मतदारांशी बोलून जो निष्कर्ष काढला, तो हा. माध्यमं ज्या प्रश्नांना महत्त्व देतात, तेच लोकांना महत्त्वाचे वाटू लागतात. गंमत म्हणजे मॅकॉम्ब्स स्वतः आधी न्यू ऑर्लिन्सच्या दैनिकात बातमीदार होते. म्हणजे पेपरातले सर पुढे पेपरवाले झाले. अशी माणसं असतात, पण थोडी.

हे भांडण काही आपलंच नाही. अमेरिकेत या दोन गटांना टोपणनावंच पडली होती. जुन्या उपसंपादकांच्या हिरव्या झापडीवरून एक गट 'ग्रीन आयशेड', तर आकडेशास्त्रातल्या चाचणीवरून दुसरा 'काय-स्क्वेअर'. मिसुरी विद्यापीठात १९०८ मध्ये पत्रकारितेची शाळा काढणारे वॉल्टर विल्यम्स संपादक होते, त्यांनी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. पुढे ते त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. आज आपल्याकडे त्यांना सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीलाही बोलावलं नसतं.

कारण नियम. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीत या पदासाठी पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा लागते. नेटमधून सूट हवी असेल तर ठरावीक अटींनुसार केलेली पीएचडी. बातमीदारीची वीस वर्षं या अटींच्या जागी चालत नाहीत. त्यामुळे कायम जागेवर बहुधा पेपरवाले सर दिसतात आणि पेपरातले सर तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर येतात. मीही एका कॉलेजात तसा शिकवायचो. पहिल्या सत्राचं मानधन हातात पडलं तेव्हा दुसरं सत्र संपत आलं होतं.

२०२२ मध्ये यूजीसीनं 'प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस' अशी वाट काढली. आपल्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम हवं, पदवीची अट नाही, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंतच अशा नेमणुका आणि मुदतही मर्यादित. दार उघडलंय, पण किलकिलं.

आपल्या परंपरेचं सांगायचं तर ही भिंत पहिल्यापासून नव्हती. १८३२ मध्ये 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये अध्यापक होते. 'केसरी'चे पहिले संपादक आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. पण हे पत्रकारिता शिकवत नव्हते हेही खरं. तो विषय वर्गात यायला बराच वेळ लागला. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात १९५२ मध्ये रोलंड वुल्सली या अमेरिकी प्राध्यापकांनी विभाग सुरू केला, तेव्हा नागपूर अजून मध्य प्रदेशात होतं.

पुण्यात तर या दोन वाटांचे दोन पत्ते आहेत. एकाच विद्यापीठाचा संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणून त्याला सगळे 'रानडे' म्हणतात. माध्यम व संज्ञापन अभ्यासाचा दुसरा विभाग गणेशखिंडीच्या आवारात आहे आणि तिथली पदवी चक्क एमएस्सी. २०२१ मध्ये दोन्ही एकत्र करायचं ठरलं, तेव्हा रानडेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी आणि पत्रकारांनी विरोध केला आणि निर्णय स्थगित झाला. नावं इतकी सारखी असताना एवढा आरडाओरडा कशाला, असं बाहेरच्यांना वाटलं असेल. रानडेतून बाहेर पडलेल्यांना तसं वाटलं नाही.

फोन करणाऱ्या मुलांना मी आता दोनच प्रश्न देतो. वृत्तलेखन कोण शिकवतं आणि आठवड्याला किती बातम्या तपासून परत देतं? प्रबंधाला मार्गदर्शन कोण करतं आणि त्यांनी स्वतः शेवटचा अभ्यास कशावर केला? पहिल्याचं उत्तर पेपरातल्या सरांकडे हवं, दुसऱ्याचं पेपरवाल्यांकडे. एकानं यंदा हे प्रश्न खरंच विचारले. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच मिळालं. पहिल्यावर कार्यालयातून सांगितलं, त्या तासाला अजून कोणी ठरलेलं नाही, ऑगस्टमध्ये सीएचबीची जाहिरात निघेल.