सहीतला लोगो आणि ईमेलचा खरेपणा

‘ईमेलच्या शेवटी सहीत कंपनीचा लोगो असेल, तर तो ईमेल त्या कंपनीचाच समजावा,’ असा समज पणजी-म्हापशाच्या कार्यालयांतून बरीच वर्षे फिरतो आहे. छापील लेटरहेड आणि रबरी शिक्का यांवर विश्वास ठेवायची सवय असलेल्यांना तसे वाटणे स्वाभाविकच आहे.

प्रत्यक्षात लोगो हे केवळ एक चित्र असते. संकेतस्थळावरून ते उतरवून कोणीही आपल्या सहीत चिकटवू शकतो; स्वतःलाच तसा ईमेल पाठवून पाहिल्यास दोन मिनिटांत खात्री पटते.

समजा, कळंगुटच्या एखाद्या गेस्ट हाऊसला बुकिंग कंपनीच्या लोगोसह ‘खाते पडताळा’ असा ईमेल आला, तर आधी पाठवणाऱ्याचे नाव नव्हे, पूर्ण पत्ता उघडून ‘@’ नंतरचे डोमेन अक्षर न् अक्षर वाचावे, कारण ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ ही अक्षरे शेजारी ठेवली की नजर सहज फसते. त्यानंतर जीमेलमध्ये, संगणकावर, तीन टिंबांच्या यादीतील ‘शो ओरिजिनल’ उघडल्यास एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, ईमेल खरोखर त्या डोमेनवरून आला का हे पाहणाऱ्या तपासण्यांसमोर ‘पास’ किंवा ‘फेल’ दिसते. मात्र ‘पास’ची ग्वाही डोमेनपुरतीच असते, फसव्या डोमेनलाही ती मिळू शकते. उलट, अनेक ईमेल प्रोग्राम बाहेरची चित्रे आपोआप दाखवत नाहीत, त्यामुळे खऱ्या ईमेलमध्येही लोगोच्या जागी रिकामी चौकट दिसू शकते.