राखीव हवा: जे-व्हॉल्व्हपासून पोनीपर्यंत

मुंबईचा डायव्हर सहसा मुंबईच्या पाण्यात उतरत नाही. इथल्या गढूळ पाण्यात काही दिसत नाही. सराव तलावात होतो, खरी डाइव्ह तारकर्ली, कर्नाटकातलं नेत्राणी बेट नाहीतर अंदमानात. बॅग भरताना मात्र प्रश्न ठरलेला: राखीव हवा म्हणून न्यायचं काय?

१९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां यांनी फ्रान्समध्ये ॲक्वालंग, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरमधून पाण्याखाली श्वास घ्यायचं उपकरण, बनवलं, त्या काळात पाण्याखाली वाचता येईल असा प्रेशर गेज डायव्हरकडे सहसा नसे. श्वास ओढायला जड गेला की हवा संपत आली, एवढंच कळे. त्यावर १९५०च्या दशकात जे-व्हॉल्व्ह, म्हणजे थोडी हवा राखून ठेवणारा सिलिंडरचा व्हॉल्व्ह, आला. सिलिंडरमध्ये साधारण २० बार दाब (जमिनीवरच्या हवेच्या सुमारे २० पट) उरला की आतली स्प्रिंग वाट अडवी आणि बाजूची सळई खाली ओढली की उरलेली हवा मिळे. दगा सळईतच होता. पाण्यात उतरताना ती कशात तरी अडकून आधीच खाली आलेली असे, राखीव साठा नकळत वापरला जाई आणि गरजेला ओढली तर हाती काहीच लागत नसे.

दुसरा उपाय बडी-ब्रीदिंगचा, बडी म्हणजे डाइव्हमधला जोडीदार: एका रेग्युलेटरवर (सिलिंडरची हवा श्वासाजोगत्या दाबाने तोंडात देणारं साधन) दोघांनी आळीपाळीने दोन-दोन श्वास घ्यायचे. तलावात हे जमतं. समुद्रात घाबरलेला माणूस रेग्युलेटर परत देत नाही, आणि वर येताना पाळीची वाट पाहणाऱ्याने श्वास रोखला तर फुप्फुसाला इजा होते.

जुन्या दोन नळ्यांच्या रेग्युलेटरची सगळी यंत्रणा सिलिंडरवरच्या एका डबीत असे. मेलबर्नच्या टेड एल्ड्रेड यांनी १९५२ मध्ये ‘पॉर्पॉइज’ आणला: दाब कमी करणारा पहिला भाग, फर्स्ट स्टेज, सिलिंडरवर, दुसरा, सेकंड स्टेज, तोंडात, मधे एकच होज, म्हणजे नळी. पुढे फर्स्ट स्टेजला नळी जोडायची जादा तोंडं, म्हणजे पोर्ट, मिळाले आणि त्यावर दुसरी सेकंड स्टेज बसली. हाच आजचा पिवळा ऑक्टोपस. बडीला हवा द्यायला याहून सोपं साधन नाही. पण सिलिंडर तोच, फर्स्ट स्टेज तीच. तुमचीच हवा संपली तर ऑक्टोपसही कोरडा. मग सगळी भिस्त बडीवर, आणि कोकणच्या धूसर पाण्यात बडी चार-पाच मीटरवर असला तरी दिसेनासा होतो.

म्हणून वेगळा सिलिंडर हवा, आणि तो लिटरमध्ये मोजून घ्यावा. घाबरलेला माणूस मिनिटाला ३० लिटर हवा ओढतो असं धरू. ३० मीटरवर दाब ४ बार, त्यामुळे चौपट हवा लागते, म्हणजे मिनिटाला १२० लिटर. सावरायला एक मिनिट, मिनिटाला ९ मीटर वेगाने वर येताना सुमारे २५० लिटर, ५ मीटरवर सुरक्षेसाठी ३ मिनिटं थांबायला १३५: एकूण ५०५. खिशात मावणारा सिलिंडर १९८०च्या सुमारास आला. त्यातला ३ घनफुटी घ्या. त्यात ८५ लिटर, म्हणजे ३० मीटरवर जेमतेम ४० सेकंद. समुद्रात पडलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडायला तो उपयोगी. ३० मीटरवरून परतायला नाही. मुख्य सिलिंडरसोबत स्वतःच्या रेग्युलेटरसह न्यायच्या छोट्या सिलिंडरला पोनी म्हणतात. १९ घनफुटी पोनीत ५३८ लिटर बसतात, म्हणून आमची शिफारस तीच. १८ मीटरपर्यंतच जाणार असाल तर ३३३ लिटर लागतात. १३ घनफुटी चालतो.

सरफेस सप्लायवर, म्हणजे वरून नळीने येणाऱ्या हवेवर, काम करणारा व्यावसायिक डायव्हर पाठीवर राखीव, म्हणजे बेलआउट, बाटली घेतो ती याच हिशेबाने: वरून येणारी हवा तुटली तर स्वतःची, स्वतंत्र.

पोनीचीही एक फसगत आहे. चुकून तिचीच सेकंड स्टेज तोंडात धरून डाइव्ह सुरू होते आणि काही मिनिटांत ती रिकामी होते. तिचं माउथपीस हाताला वेगळं लागेल असं असावं, तिला स्वतःचा गेज असावा आणि उतरण्याआधी तो वाचावा.

विमानात पोनी रिकामी, व्हॉल्व्ह काढून न्यावी लागते, आणि भारतात मान्यतेचा शिक्का नसलेला सिलिंडर नियमाने भरता येत नाही. त्यामुळे रेग्युलेटर आपला न्यावा, पोनी तिथल्या डाइव्ह सेंटरला आधी फोन करून मागून ठेवावी. जायच्या आदल्या आठवड्यात कितीची आहे ते विचारावं आणि खोली त्यावरून ठरवावी.