आधी क्रम लावला म्हणून ‘ग्रुप बाय’ शेवटची नोंद देत नाही

माहिती टेबलांत साठवणारा मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांमध्ये वर्षानुवर्षे एक युक्ती फिरते: आतल्या क्वेरीत (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात) तारखेनुसार उतरता क्रम लावा, बाहेर ‘ग्रुप बाय’ने ग्राहकानुसार गट करा, म्हणजे प्रत्येक ग्राहकाची सर्वांत ताजी नोंद मिळते. जुन्या आवृत्त्यांत उत्तर बहुधा बरोबर येई, त्यामुळे हा समज रुजणे स्वाभाविकच होते.

मात्र टेबलातील ओळींना स्वतःचा क्रम नसतो, आणि ज्या रकान्यावर गट केलेला नाही त्याचे मूल्य गटातील कोणत्या ओळीतून घ्यायचे हे सर्व्हर स्वतः ठरवतो. ‘ऑर्डर बाय’ या क्रम लावणाऱ्या आदेशाने ती निवड बदलत नाही, असे मायएसक्यूएलची अधिकृत माहितीपुस्तिकाच सांगते. एका ग्राहकाच्या 3 जानेवारीला 250 रुपयांची आणि 9 जानेवारीला 900 रुपयांची अशा दोन ऑर्डरी असतील, तर सर्वांत मोठे मूल्य देणाऱ्या ‘मॅक्स’ने तारीख 9 येईल, पण शेजारी रक्कम 250 दिसू शकते. अशी ओळ टेबलात कुठेच नसते, आणि चूक दाखवणारा संदेशही येत नाही. हिशेबात हेच सर्वांत घातक.

पडताळण्यासाठी ‘ओन्ली फुल ग्रुप बाय’ हा मोड चालू करावा. 5.7 आवृत्तीपासून तो मुळातच चालू असतो आणि अशी क्वेरी नाकारतो.

खात्रीचा मार्ग म्हणजे प्रत्येक ग्राहकाची कमाल तारीख काढून ती मूळ टेबलाशी जोडणे, किंवा 8.0 आवृत्तीपासून ओळींना क्रमांक देणाऱ्या ‘रो नंबर’ फंक्शनला ग्राहकानुसार ‘पार्टिशन बाय’ (गट पाडणे) व उतरत्या तारखेचा क्रम देऊन पहिल्या क्रमांकाची ओळ घेणे. एकाच तारखेच्या दोन नोंदी असल्यास क्रमात आयडीही जोडावा.