एक सूत सरकलेलं भोक

सुताराने दोन लाकडांना पाडलेली भोकं एकमेकांसमोर येत नसतील, तर आपण त्याला नावं ठेवू. इंग्लंड-फ्रान्समध्ये ओकच्या तुळयांचे सांगाडे उभारणारे सुतार मात्र शेकडो वर्षं हे मुद्दाम करत आले आहेत. (ओक म्हटलं की आपल्याला आधी आडनाव आठवतं. तिकडे बांधकामात ओकला तो मान, जो आपल्याकडे सागवानाला.)

सांधा तसा ओळखीचाच. आडव्या तुळईचं टोक तासून त्याचं कुसू करायचं, उभ्या खांबात किकऱ्याने तेवढीच खाच पाडायची आणि कुसू आत बसवून वरून लाकडी खुंटी ठोकायची. खरी करामत भोकात आहे. आधी फक्त खांबाला भोक पाडतात. मग कुसू खाचेत घालून त्या भोकातून कुसवावर खूण करतात आणि कुसू परत बाहेर काढतात. आता कुसवाला भोक पाडायचं ते खुणेवर नाही, तर साधारण तीन मिलिमीटर तुळईच्या बाजूला सरकवून. आपल्याकडच्या सुतारांच्या भाषेत एक सूत. टोकाला निमुळती केलेली खुंटी ठोकली, की वाट काढताना ती किंचित वाकते आणि कुसवाला खाचेत खेचते. तुळई खांबाला गच्च भिडते. खुंटी करवतीने कापलेली चालत नाही. वाळलेलं ओक रेषेरेषेने फाडून ती करतात, म्हणजे तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड राहतात आणि ती वाकली तरी मोडत नाही.

एवढा खटाटोप कशाला? कारण खांब आणि तुळया ओल्या असतात. वाळलेलं ओक पटाशीची धार खातं. नुकतंच तोडलेलं त्या मानाने लोण्यासारखं कापलं जातं. जाड तुळई पूर्ण वाळायला वर्षानुवर्षं लागतात, तेवढं कोण थांबणार? मग ती इमारतीत उभी राहूनच वाळते, आणि वाळताना आकसते. पण सगळीकडून सारखी नाही. लाकूड म्हणजे उभ्या नळ्यांची मोळी. पाणी गेलं की नळ्यांच्या भिंती पातळ होतात, लांबी जवळपास तेवढीच राहते. त्यामुळे तुळई लांबीत नावापुरती आकसते, गाभ्याकडून सालीकडे चार-पाच टक्के, आणि वर्षवलयांच्या कडेने त्याच्या जवळपास दुप्पट.

आता हिशोब करा. खांबातलं भोक खांबाच्या कडेपासून 40 मिलिमीटरवर आहे. खांब चार टक्के आकसला तर त्या पट्टीतले दीड मिलिमीटर गेले, आणि तुळई व खांब यांच्यात तेवढी फट पडायला हवी. पण वाकलेली खुंटी स्प्रिंगसारखी ताणलेली असते. ती थोडी सरळ होते आणि फट खाऊन टाकते. शिवाय खांबाचे तंतू उभे, तुळईचे आडवे. म्हणून खांबातलं भोक डावी-उजवीकडून आवळतं, कुसवातलं वर-खालून, आणि मधली कोरडी खुंटी चारी बाजूंनी पकडली जाते.

मग लोखंडी खिळा का नको? ओकमध्ये टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. ओल्या लाकडात लोखंड ठोकलं की ते गंजतं आणि भोवती निळे-काळे डाग पडतात. हिरडा (त्यातही टॅनिन) आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून आपल्याकडे शाई करायचे, रसायन तेच.

लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलचं छत ह्यू हर्लंड या सुताराने 1390च्या दशकात केलं. सुमारे 21 मीटर रुंद दालन, मध्ये एकही खांब नाही. लाकडं तासली ती सरे परगण्यातल्या फार्नहॅमजवळ, आणि मग तयार तुकडे लंडनला नेले. हाताने तासलेल्या दोन तुळया कधीच सारख्या नसतात. म्हणून त्या जमिनीवर एकमेकींवर मांडून, ओळंबा सोडून प्रत्येक सांधा त्याच जोडीपुरता आखायचा, अशी पद्धत होती. एका खांबाची खाच दुसऱ्या तुळईला लागत नाही. मग खुणा हव्यातच: सरळ रेघांचे रोमन आकडे पटाशीने कोरायला सोपे, आणि जुन्या छतांत ते आजही दिसतात. आखणीच्या याच विद्येच्या फ्रेंच परंपरेला 2009 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा मिळाली.

दहा वर्षांनी तिची परीक्षाच झाली. 15 एप्रिल 2019ला पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचं मध्ययुगीन छत जळालं. पोलाद किंवा काँक्रीट वापरा, असं सुचवणारे होते. शेवटी ओकच ठरलं, आणि मुख्य छताच्या तुळया कुऱ्हाडीने, ओल्या असतानाच तासल्या गेल्या. डिसेंबर 2024 मध्ये दारं पुन्हा उघडली.

ओलं लाकूड वापरण्याचा एक फायदा त्या सुतारांच्या मनातही नसेल. झाड तोडल्यावर ते बहुधा लवकरच इमारतीत चढायचं. त्यामुळे तुळईच्या कोपऱ्यावर सालीचा जरासा तुकडा राहिला असेल, तर त्याखालचं शेवटचं वर्षवलय झाड कोणत्या वर्षी पाडलं ते सांगतं, आणि इमारतीचं वयही जवळपास तिथेच सापडतं. तासताना कोपऱ्यावर साल ठेवणारा आळशी सुतार इतिहासकारांना फार प्रिय असतो.