फाटलेल्या आवाजाचं रणशिंग

साउंडवाल्याला नुसतं "दादा, आवाज फाटतोय" म्हटलं ना, की तो हातातला चहा ठेवून आधी मिक्सरकडे धावतो. आवाज फाटणं म्हणजे चूक, हे आपण सगळे धरूनच चालतो. १९३८ साली मॉस्कोतल्या एका स्टुडिओत मात्र सर्गेई प्रोकोफिएव्ह या संगीतकाराने हीच चूक मुद्दाम करून घेतली, ब्रासवाल्यांना, म्हणजे पितळी फुंकवाद्यं वाजवणाऱ्यांना, थेट माइकच्या तोंडाशी उभं करून फुंकायला लावलं, आणि जो घाणेरडा, खरखरीत आवाज आला तो तसाच सिनेमात ठेवला. ऐतिहासिक सिनेमाचं संगीत कसं उभं राहतं हे समजून घ्यायला मला याच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

सिनेमा होता 'अलेक्झांडर नेव्हस्की', दिग्दर्शक सर्गेई आयझेनश्टाइन. गोष्ट ५ एप्रिल १२४२ ची, आज रशिया आणि एस्टोनियाच्या सीमेवर जो पेइपुस तलाव आहे त्याच्या गोठलेल्या बर्फावर नोव्हगोरोड या रशियन शहराचा राजपुत्र नेव्हस्की आणि ट्यूटॉनिक सरदार, म्हणजे कॅथलिक धर्मासाठी लढणारे जर्मन योद्धे, यांची लढाई झाली ती. (शूटिंग भर उन्हाळ्यात झालं, बर्फ सगळा खोटा.) आता तेराव्या शतकातले जर्मन सरदार पडद्यावर आले की मागे काय वाजवायचं? प्रोकोफिएव्हने आधी सरळ विचार केला, की त्या काळातली खरी कॅथलिक स्तोत्रंच घेऊ. ती त्याने तपासली आणि सोडून दिली. त्याचं म्हणणं असं की सातशे वर्षांत हे संगीत आपल्यापासून इतकं लांब गेलंय की आजच्या प्रेक्षकाच्या मनात ते काहीच जागं करत नाही, म्हणून त्या काळी जसं वाजत होतं तसं नाही तर आज आपण त्याची जशी कल्पना करतो तसं लिहायचं.

हे पटायला थोडं जड जातं, पण कानाच्या बाजूने बघितलं तर बरोबर आहे. कोणता आवाज भीतीचा, कोणता भक्तीचा, हे बरंचसं आपण लहानपणापासून ऐकून ऐकून शिकतो. आपल्याकडे डफावर थाप पडली आणि पोवाड्याचा जीर जी जी आला की अंगावर काटा येतो, कारण तो आवाज आजही आपल्या कानात जिवंत आहे. एकसुरी लॅटिन स्तोत्र ऐकून १२४२ सालच्या नोव्हगोरोडच्या माणसाला समोर शत्रू दिसला असेल, १९३८ च्या मॉस्कोकराला फक्त शांत वाटलं असतं.

मग शिकलेल्या सवयींच्याही खाली, थेट मेंदूत जाणारा काहीतरी आवाज हवा होता, आणि इथे तो फाटका आवाज कामाला आला.

फाटणं म्हणजे नक्की काय होतं? गणपतीत ढोल पथकाच्या अगदी जवळ, दोन-तीन फुटांवर उभं राहून मोबाईलवर व्हिडिओ काढा आणि घरी येऊन ऐका. मी गेल्या वर्षी काढला होता, समोर ढोलाचा तो पोटात घुमणारा ठोका होता, आणि फोनमध्ये नुसतं फट् फट् फट्, ताशा तर कढईत लाह्या फुटाव्यात तसा. मग तो ऑडिओ मी कॉम्प्युटरवर एका फ्री सॉफ्टवेअरमध्ये उघडून झूम केला. जिथे लाटेचा गोल डोंगर दिसायला पाहिजे तिथे वरून सुरीने कापल्यासारखं सपाट पठार होतं. माइक आणि त्याच्या मागचं सर्किट एका मर्यादेपर्यंतच लाट झेलू शकतं, त्याच्या वरचं सगळं छाटलं जातं.

गंमत म्हणजे छाटल्यावर आवाज कमी होत नाही, त्यात नवीन काहीतरी भर पडते. गोल लाट म्हणजे एक शुद्ध सूर. तिचा माथा सपाट झाला की ती एका सुरात मावत नाही, तिच्यात मूळ कंपनसंख्येच्या तिप्पट, पाचपट, सातपट असे वरचे सूर आपोआप तयार होतात. आणि दोन सूर एकत्र वाजत असतील तर आणखी गोंधळ, कारण त्या दोघांच्या बेरजा-वजाबाक्यांतून असे सूर जन्माला येतात जे कुठल्याच वादकाने वाजवलेले नसतात. जुळणारे सूर असतील तर ते खपून जातं, पण प्रोकोफिएव्हने सरदारांना दिलेत ते कर्कश, एकमेकांना घासणारे सूर, त्यामुळे फाटल्यावर त्यातून जे बाहेर पडतं ते ऐकताना दात आंबतात.

आणि त्यात हे ब्रासचं वाद्य, ते मुळात माइकपर्यंत पोचायच्या आधीच अर्धं फाटलेलं असतं! ट्रॉम्बोन, म्हणजे लग्नाच्या बँडमध्ये ती पुढेमागे सरकणारी नळी असते ते वाद्य, जोरात फुंकलं की आतल्या हवेचा दाब इतका वाढतो की लाटेचा जास्त दाबाचा भाग कमी दाबाच्या भागापेक्षा किंचित वेगाने पळतो. लांब, अरुंद नळीतून जाता जाता लाटेचं तोंड उभं होत जातं, कड्यासारखं, आणि शेवटी चक्क शॉक वेव्ह तयार होते. १९९६ मध्ये संशोधकांनी ट्रॉम्बोनमध्ये ही शॉक वेव्ह मोजून दाखवली. पितळी वाद्य जोरात वाजल्यावर जी चमकदार धार येते ती इथून येते. म्हणजे मॉस्कोतल्या त्या माइकवर आधीच धार लावलेली लाट आदळत होती, आणि माइकने तिचे माथे छाटले.

पण अशा आवाजाने भीती का वाटावी? इथे मला सगळ्यात आवडणारा भाग येतो. अमेरिकेत डॅनियल ब्लुमस्टाइन नावाचे एक जीवशास्त्रज्ञ आहेत, ते मार्मोट या खारीच्या नात्यातल्या, पण बऱ्याच मोठ्या, बिळात राहणाऱ्या प्राण्याचा अभ्यास करतात. पिल्लू पकडलं गेलं की ते ओरडतं, आणि ते ओरडणं स्वच्छ शिट्टीसारखं नसतं, गळ्याची ताकद संपेपर्यंत हवा ढकलल्यामुळे ते फाटलेलं असतं. लहान बाळ जिवाच्या आकांताने रडतं तेव्हा हेच होतं, म्हणूनच ते रडणं दुर्लक्ष करून झोपता येत नाही. ब्लुमस्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये शंभरावर सिनेमांचे साउंडट्रॅक तपासले, तर भयपटांत अशा खरखरत्या किंकाळ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघाल्या. २०१२ मध्ये त्यांनी साध्या संगीताच्या तुकड्यांत मध्येच फाटका आवाज घालून लोकांना ऐकवला, तर लोकांना तो जास्त उत्तेजित करणारा आणि नकारात्मक वाटला. त्याच संगीतावर अगदी साधा, काहीच न घडणारा व्हिडिओ लावला तेव्हा उत्तेजना गेली, नकोसेपणा मात्र राहिला. २०१५ च्या आणखी एका अभ्यासात दिसलं की किंकाळीचा आवाज सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा कमी-जास्त होत थरथरतो, आणि हा पट्टा आपल्या नेहमीच्या बोलण्यात फारसा वापरला जात नाही, जणू धोक्यासाठीच राखून ठेवलाय.

प्रोकोफिएव्हकडे यातला एकही पेपर नव्हता, त्याच्याकडे फक्त कान होता. त्याने लिहून ठेवलंय की ट्यूटॉनिक शिंगांचा आवाज रशियन कानाला नक्कीच नकोसा वाटत असणार, म्हणून ती माइकच्या तोंडाशी वाजवली.

त्याचा दुसरा प्रयोग अंतराचा. बॅसून हे बिचारं हळू आवाजाचं लाकडी फुंकवाद्य, ट्रॉम्बोनसमोर त्याचं काही चालत नाही. प्रोकोफिएव्ह म्हणाला, बॅसूनला माइकला चिकटवा आणि ट्रॉम्बोनला २० मीटर मागे पाठवा. गणित करून बघा, बॅसून अर्ध्या मीटरवर धरला तर ट्रॉम्बोन ४० पट लांब, आणि आवाजाची तीव्रता अंतराच्या वर्गाने घटते म्हणून मोकळ्या मैदानात १६०० पट फरक. बंद खोलीत भिंतींवरून आवाज परत येत राहतो त्यामुळे फरक इतका पडत नाही, पण ट्रॉम्बोनसोबत ती भिंतींची गुंजही येते आणि मेंदू लगेच समजतो की हे लांबून येतंय. म्हणजे राक्षसासारखा बॅसून जवळ आणि क्षितिजावर कुठेतरी ट्रॉम्बोन, असं ऑर्केस्ट्रा प्रत्यक्ष कुठल्याच हॉलमध्ये ऐकू येणार नाही. शिवाय ब्रास एका स्टुडिओत आणि कोरस दुसऱ्या स्टुडिओत वाजवून ते एकत्र मिसळणंही त्याने केलं. आज हे कुठल्याही होम स्टुडिओत होतं, पण त्या काळी बहुतेक संगीतकार माइकला फक्त साक्षीदार मानायचे, हा त्याला वाद्य म्हणून वापरत होता.

कामाचा वेगही सांगायला हवा. आयझेनश्टाइनने आठवण लिहिलीय की रात्री उशिरा सीन बघून झाला की प्रोकोफिएव्ह "दुपारी बाराला संगीत मिळेल" म्हणून निघायचा आणि खरंच द्यायचा. सीन चालू असताना त्याची बोटं खुर्चीच्या हातावर ठेका धरत असायची. सेकंदाला २४ फ्रेम, मिनिटाला १२० ठोक्यांची लय धरली तर दर १२ फ्रेमला एक ठोका, हा हिशोब तो बोटांवर करत असावा असं मला वाटतं. काही सीनच्या बाबतीत तर उलटं झालं, संगीत आधी आणि एडिटिंग नंतर.

१९३९ मध्ये त्याने याच संगीताचा रंगमंचावर गाण्यासाठी कॅन्टाटा, म्हणजे कोरस आणि ऑर्केस्ट्रासाठीची गायनरचना, केला आणि तिथे खरी अडचण आली, कारण हॉलमध्ये माइकच नाही. जे माइकने केलं होतं ते सगळं वाद्यांच्या निवडीतून आणि लिहिण्यातून परत उभं करावं लागलं. नव्वदच्या दशकात हे सिनेमाचं संगीत नव्याने, स्वच्छ रेकॉर्ड केलं गेलं. ऑर्केस्ट्रा उत्तम, एकेक सूर सुटा ऐकू येतो. पण सरदार क्षितिजावर अजून नुसता ठिपका असतात आणि शिंग वाजतं, तिथे मी दरवेळी जुना ट्रॅकच लावतो.