मायएसक्यूएलमध्ये अडकलेली अपडेट : पार्श्वभूमी

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये एखादी अपडेट अडकली की तिला अडवणारा कोण हे शोधावं लागतं. मायआयसॅम या जुन्या स्टोरेज इंजिनच्या (डेटा साठवणाऱ्या भागाच्या) काळी त्याला डोकं लागत नसे. एकाने लिहायला घेतलं की अख्खं टेबल बंद. प्रोसेसलिस्टमध्ये, म्हणजे चालू कनेक्शनांच्या यादीत, ‘लॉक्ड’ क्वेरींची रांग दिसायची आणि रांग लावणारी क्वेरीही तिथेच चालू असायची. 2001 मध्ये इनोडीबी हे नवं इंजिन आलं, लॉक ओळीपुरतं झालं आणि लॉकची 50 सेकंद वाट पाहिल्यानंतर येणारी 1205 ही एरर ओळखीची झाली. तेव्हा रद्द होते ती फक्त अडकलेली स्टेटमेंट. ट्रान्झॅक्शन (एकत्र पक्क्या होणाऱ्या स्टेटमेंटचा गट) आणि तिचे आधीचे लॉक तसेच राहतात, हे आजही अनेकांच्या कोडला माहीत नसतं.

खरा गुंता मायएसक्यूएलच्या 5.5 या आवृत्तीपासूनचा, म्हणजे डिसेंबर 2010 चा. तोवर टेबलाच्या रचनेवरचं संरक्षण स्टेटमेंट संपताच सुटत असे. त्यामुळे एका सेशनने टेबलात लिहून कमिट करायच्या (बदल पक्के करायच्या) आत दुसरी ते टेबल ड्रॉप करू, म्हणजे काढून टाकू शके. बायनरी लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, ड्रॉप आधी आणि इन्सर्ट नंतर नोंदला जाई आणि त्या नोंदींवरून चालणारी रेप्लिका (डेटाबेसची प्रत) कोलमडे. 2003 पासून नोंदवलेला हा बग 989. उपाय म्हणून टेबलाची रचना राखणारा मेटाडेटा लॉक आला आणि तो कमिट किंवा रोलबॅक (बदल मागे घेणं) होईपर्यंत धरायचा असं ठरलं, ट्रान्झॅक्शनमध्ये नुसता सिलेक्ट असला तरी.

यावर वाद झाले ते साहजिकच होतं. ऑटोकमिट (प्रत्येक स्टेटमेंटनंतर आपोआप होणारं कमिट) बंद ठेवून एखादी रिपोर्टची स्क्रिप्ट चार ओळी वाचते आणि कनेक्शन उघडं टाकते. टेबलाची रचना बदलणारा ऑल्टर तिच्यासाठी थांबतो, आणि ऑल्टरच्या मागे त्या टेबलावरचे नवे सिलेक्ट, अपडेट सगळेच. प्रोसेसलिस्टमध्ये मेटाडेटा लॉकची वाट पाहणारे ढीगभर दिसतात. अडवणारी मात्र ‘स्लीप’ अवस्थेत, क्वेरीचा रकाना रिकामा. निर्णय बरोबरच होता; डेटा चुकण्यापेक्षा थांबलेला बरा. पण लॉक कोणाच्या हातात आहे हे दाखवणारं काहीही सोबत दिलं नाही, हे समर्थनीय नाही. जवळपास पाच वर्षं लोक इनोडीबी_टीआरएक्स या चालू ट्रान्झॅक्शनांच्या यादीतली सर्वांत जुनी ट्रान्झॅक्शन पाहून अंदाजाने किल करत होते.

ऑक्टोबर 2015 च्या 5.7 मध्ये परफॉर्मन्स स्कीमात (सर्व्हरच्या आतल्या घडामोडी दाखवणाऱ्या टेबलांच्या संचात) मेटाडेटा_लॉक्स हे टेबल आलं. त्यासाठी माहिती टिपणारं इन्स्ट्रुमेंट मात्र मुळात बंद, म्हणजे खोळंबा झाल्यावर चालू करून आधी घेतलेला लॉक दिसणार नाही! 2018 च्या 8.0 मध्ये ते आपोआप चालू झालं. इनोडीबीचे लॉक दाखवणारं जुनं इनोडीबी_लॉक्स जाऊन डेटा_लॉक्स आलं. आता कोणी वाट पाहत नसलेले लॉकही दिसतात.

एक गोष्ट 8.0 मध्येही तशीच राहिली. मेटाडेटा लॉकची वाट किती पाहायची हे ठरवणाऱ्या लॉक_वेट_टाइमआउटची (इनोडीबीच्या 50 सेकंदांहून ही सेटिंग वेगळी) मूळ किंमत 3,15,36,000 सेकंद, म्हणजे एक वर्ष. म्हणून जाणकार ऑल्टरच्या आधी त्याच सेशनमध्ये ती पाच-दहा सेकंदांवर आणतात आणि ऑल्टर फसला तर पुन्हा चालवतात.