मस्टँग टूचं सस्पेन्शन पिकअपला झेपत नाही?

‘मस्टँग टू ही फोर्डची छोटी कार, तिचं इंडिपेंडंट फ्रंट सस्पेन्शन (पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होऊ देणारी रचना) जुन्या पिकअपचं वजन पेलणारच नाही,’ हा समज बरीच वर्षं फिरतो आहे. शंका रास्त आहे, कारण ती कार 1974 ते 1978 या काळातली आणि खरंच हलकी.

पण जुन्या पिकअपला हे सस्पेन्शन बसवण्यासाठी आज जे किट, म्हणजे भागांचे संच, मिळतात, त्यांत त्या कारची असते ती मुख्यतः भूमिती, म्हणजे भागांची मांडणी आणि कोन. क्रॉसमेंबर (चासीचा आडवा दांडा), कंट्रोल आर्म (चाक चासीशी जोडणारे दांडे), स्प्रिंग, ब्रेक नव्याने बनवलेले असतात, अनेकदा जास्त जाड. शिवाय हौद्यातला माल मुख्यतः मागच्या ॲक्सलवर बसतो. पुढे भार असतो इंजिन आणि केबिनचा. म्हणून गाडीचं एकूण वजन बघून निर्णय घेऊ नका. इंजिन बसवलेलं, टाकी भरलेली असताना फक्त पुढची चाकं वजनकाट्यावर घ्या आणि तो आकडा किटच्या मर्यादेशी ताडून पाहा. भंगारातून काढलेले मूळ सुटे भाग मात्र जड इंजिनाखाली घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

वजनापेक्षा जोडणीच जास्त नडते. स्प्रिंग काढून जॅकने चाक वरखाली करा, स्टिअरिंग धरून ठेवा. चाकाचं तोंड आतबाहेर वळत असेल, तर बहुधा स्टिअरिंग रॅकची (चाकं वळवणाऱ्या दांड्याची) उंची चुकली आहे.